पलीकडच्या खोलीत ऐकू जाईना

१० फेब्रुवारी, मंगळ.
आई म्हणायची, "एकदाच विचार, पण नीट विचार." नातेपुत्याच्या बाजारात दर दुकानापाशी मी बांगड्यांसाठी तिचा पदर ओढायचे, तेव्हाचं. आज दिवसभर तेच आठवतंय, कारण संगणक एकच उत्तर देतोय : प्रवेश नाकारला.

मी केलेलं वेबपान माझ्या टेबलावरच्या संगणकावर झकास उघडतं. वाचनालयातल्या सगळ्या बोलक्या पुस्तकांची नावं, बोट ठेवलं की पुस्तक सुरू. भिंतीपलीकडे श्रोतेखोलीतल्या फोनवर मात्र काही नाही. म्हणजे अंध वाचकांसाठी केलेलं पान फक्त मलाच ऐकू येतंय. छान.

११ फेब्रु., बुध.
कारण कळलं. स्वतःपुरतं काहीही चालवा, यंत्र विचारत नाही. दुसऱ्या यंत्रांना आत घ्यायचं तर प्रशासकाची परवानगी. प्रशासक म्हणजे जाधव, पुण्याच्या मुख्य कार्यालयात. फोन केला. "मॅडम, पासवर्ड सोडून काहीही मागा."

नरसव्वा अक्का आल्या होत्या. नजर गेल्यापासून सून रिक्षानं आणून सोडते. मी नेहमीचं संतचरित्र लावलं. दुसरं लावू का विचारलं तर म्हणाल्या, "नको गं. तू लावशील ते ऐकते. सारखं हे बदल, ते बदल म्हणायला लाज वाटतंय की."

लागलं मनाला. म्हणून तर हा खटाटोप. त्यांना कुणालाही न विचारता, आपल्या हातानं हवं ते लावता यावं.

१३ फेब्रु., शुक्र.
पासवर्ड लागतच नाही! प्रशासकानं एकदाच एक ओळ चालवायची : पानाचा अमुक पत्ता अमुक वापरकर्त्यासाठी राखून ठेवला. मग रोज त्यांच्या दारात जायला नको. जाधवांना सगळं नीट लिहून पाठवलं, माझ्या नावासकट. दुपारी त्यांनी पुण्यातून माझ्या पडद्यावर येऊन ओळ चालवली, बाहेरच्या यंत्रांना अडवणाऱ्या फायरवॉलमध्येही वाट करून दिली. "झालं. आता मला विसरा."

आनंदानं सगळ्यांना हुरडा वाटला. कुंभारी गावच्या मैत्रिणीनं दिलेला. पान उद्या चालवून बघणार.

१४ फेब्रु., शनि.
प्रवेश नाकारला.
लिहिताना हसू येतंय. सकाळी येत नव्हतं.

१६ फेब्रु., सोम.
जाधवांना पुन्हा फोन. चिडले नाहीत, नुसता मोठा श्वास सोडला. पत्ता तपासला, नाव तपासलं. सगळं बरोबर. मग म्हणाले, "तुम्ही लॉगिन कुणाच्या नावानं करता?"

माझ्याच की, मी म्हणाले. आणि पडद्याकडे पाहिलं. कोपऱ्यात देसाई सरांचा फोटो.

देसाई सर आमचे आधीचे ग्रंथपाल. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, पण हे यंत्र आम्ही सगळे अजून त्यांच्याच खात्यानं उघडतो. काढायचं कसं, बरं दिसत नाही, म्हणून कुणी काढलंच नाही. नवा माणूस आला की पहिल्या दिवशी सरांचा पासवर्ड पाठ करतो. तर परवानगी मिळाली मला, सुनंदाला, आणि रोज आत जायला उभे देसाई सर.

जाधव खूप वेळ हसले. मग म्हणाले, हे मी ऐकलंच नाही.

१७ फेब्रु., मंगळ.
या यंत्रावर पहिल्यांदाच स्वतःच्या नावानं गेले. 'तयारी चालू आहे, थोडं थांबा' असं बराच वेळ. मग रिकामा निळा पडदा, एक फाइल नाही. इतकी वर्षं इथं बसते, आणि माझ्या नावावर काहीच नव्हतं. मग मागे अबोलीच्या फुलांचा फोटो लावला, पान इकडे आणलं, चालवलं. नकार नाही. श्रोतेखोलीत अक्षरशः पळत गेले. फोनमधून, मीच वाचून भरलेल्या पुस्तकातला माझा आवाज : प्रकरण पहिलं.

१८ फेब्रु., बुध.
अक्कांच्या हातात फोन दिला. नावावर बोट आलं की तो नाव बोलतो. संतचरित्र ओलांडलं. व्रतकथा ओलांडल्या. थांबल्या त्या खुनाच्या गोष्टींवर! सून न्यायला आली तर तिलाच बसवून ठेवलं. थांब म्हणे, मला दिवाणजीचा संशय येतोय.

जाताना मला : "हे हितं असताना मला देवाचंच का लावत होतीस? म्हातारी म्हणून व्हय?"
व्हय, मी म्हणाले. दोघी हसलो. पण खरंच, मी तिला कधी विचारलंच नव्हतं तुला काय आवडतं.

(अक्कांना इथं 'तिला' लिहून गेले. राहू दे.)

२३ फेब्रु., सोम.
रविवारी कार्यालय बंद, श्रोतेखोली मात्र रखवालदार उघडतो. काल अक्का आल्या आणि फोन मुका. माझ्या खात्यातून बाहेर पडलं की पानही बंद होतं, आणि शनिवारी संध्याकाळी मी यंत्र बंद करून गेलेले. आज सुनेच्या फोनवरून अक्कांचा ओरडा खाल्ला. "तू घरी गेलीस की हे बी घरी जातंय काय? नवी गोष्ट अर्धी राहिली की माझी."

उपाय आहे. पान आपोआप चालू राहील असं बसवता येतं, पण ते प्रशासकालाच. शिवाय माणूस नसताना यंत्र चालू ठेवायचं नाही, असा मुख्य कार्यालयाचा नियम. जाधव तो नियम मला वाचून दाखवतील, गोड आवाजात. तरी चहा झाल्यावर लिहिलं आणि पाठवलं :

"जाधवसाहेब, एक शेवटची विनंती. रविवारी मी इथं नसते, पण ऐकणारी माणसं असतात. त्या दिवशी मी नसतानाही हे पान माझ्या नावानं चालू राहू द्याल का?"