गवारीची शीर

नाना,

सुरुवातीला 'प्रिय' लिहिलं होतं. खोडलं. आईला पत्र लिहिताना तो शब्द आपसूक आला असता. तुम्हाला लिहिताना हात अडला, तर उगाच कशाला लिहू?

गेल्या गुरुवारी तुम्हाला जाऊन वर्ष झालं. दिलीपने बोदवडला वर्षश्राद्ध केलं. मी धुळ्याहून गेले नाही. पेपर तपासायचे आहेत म्हणून कळवलं. पेपर नव्हते, नाना. काल त्याने एसटीडी बूथवरून शाळेत फोन केला आणि विचारलं, "ताई, एवढा कसला राग धरून बसली तू? गेलेल्या माणसावर?" मुख्याध्यापकांच्या टेबलाशी उभी होते, काय सांगणार? ठेवते म्हटलं. पण जे त्याला सांगता आलं नाही, ते तुम्हाला तर ठाऊकच आहे. म्हणून तुम्हालाच लिहिते.

तुम्ही जिनिंगमध्ये फोरमन होतात. दुपारी साडेबाराला घरी जेवायला यायचात. भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर कापूस चिकटलेला असायचा. लांबून बघितलं की हसू यायचं. जवळ आलात की कुणी हसायचं नाही.

तुम्हाला गवार आवडायची. गावठी, बारीक, लव असलेली. आई ती कशी करायची, आठवतं? एकेक शेंग दोन्ही टोकांनी मोडून शीर ओढून काढायची. लोखंडी कढईत शेंगदाण्याचं तेल, ठेचलेला लसूण, चिमूटभर ओवा. शेंगा घातल्या की घाई नाही. मंद आचेवर परतत राहायची. मग वर ताटली, ताटलीत पाणी. तेच गरम पाणी जरा जरा आत सोडायची. काळा मसाला आणि जाडसर कूट अगदी शेवटी. सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर. आळीतल्या बायका वाटी घेऊन यायच्या आणि विचारायच्या, "काय घालते वं तू हिच्यात?" आई म्हणायची, "काही नाही बाई, अंदाजानं करते."

मी दहा वर्षांची होते. त्या दिवशी तुमच्या घासात शीर आली. तुम्ही ती दातांतून ओढून काढली, दोन बोटांत धरून आईसमोर लोंबकळती ठेवली.

"हे काय हाये?"

आईने हाताचं पीठ पदराला पुसलं.

"मी इचारतो, हे काय हाये?"

"शीर हाये. ऱ्हायली असंन."

"खाय."

तुमच्या तोंडातून काढलेली शीर, नाना! तुम्ही ती तिच्या तळहातावर ठेवलीत. आईने एकदा माझ्याकडे आणि दिलीपकडे बघितलं आणि गिळली. मग तुम्ही आमच्याकडे वळून हसलात, जणू मोठी गंमत झाली. दिलीप चार वर्षांचा, त्याला काय कळणार? पण मी? मी हसले. तुम्ही हसलात म्हणून हसले. आईने ते बघितलं. ती भाकरी थापायला परत चुलीशी बसली.

ती एकच वेळ असती तर मी आज हे लिहिलं नसतं. पण तुम्हाला ते आवडलं! पुढे भाजीत शीर सापडो, भातात खडा सापडो, तुमचा तळहात पुढे व्हायचा आणि तोच शब्द. कधी पाहुण्यांसमोरसुद्धा. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला तेव्हा तिने तुम्हाला सांगितलंच नाही. मला सांगितलं. मी शाळेत जाण्याआधी तिने निवडलेली गवार पुन्हा सगळी बोटांनी चाचपून जायचे. तुम्हाला कधी कळलं का हे? की कळूनही गप्प बसलात?

आईला कावीळ झाली आणि ती तीन आठवड्यांत गेली. शेवटी शेवटी मला म्हणाली, "तुह्या नानाले शेंगा नीट निवडून देत जाय." मरताना बाईच्या डोक्यात शेंगा! मला तिचासुद्धा राग आला. कुणाचा यायला हवा होता?

पुढे दिलीपच्या बायकोशी तुमचं पटेना, म्हणून त्याने तुम्हाला माझ्याकडे धुळ्याला आणून सोडलं. माझ्या दोन खोल्या, मी एकटी, नोकरीची. तुम्ही थकला होतात. आवाज उतरला होता. मला बाजारातून आलं-कोथिंबीर आणून द्यायचात, पाणी भरून ठेवायचात. माझ्या शेजारणी म्हणायच्या, किती शांत आहेत हो तुमचे वडील!

मग तो रविवार. मी शाळेच्या कार्यक्रमाला गेले होते. परत आले तर जिन्यातच वास आला. लसूण, ओवा, काळा मसाला. माझे पाय तिथेच थांबले, नाना. एक क्षण वाटलं, आई आली.

दार उघडलं तर तुम्ही स्टोव्हसमोर बसलेले. सदऱ्यावर तेलाचे डाग, हाताला भाजलेलं. आयुष्यात कधी चहा केला नव्हता तुम्ही.

"तुह्या मायसारखी केली, शैले. पाह्य बरं."

ताटलीत पाणी होतं. कूट जाडसर होतं. म्हणजे तुम्ही तिला बघत होतात! एवढी वर्षं ती काय करते, केव्हा करते, सगळं डोळ्यांत साठवत होतात. आणि तोंडातून निघालं काय, तर तो एक शब्द.

मी पहिला घास घेतला. तीच चव होती. खोटं नाही लिहिणार, अगदी तीच. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होतात. दुसऱ्या घासात शीर आली.

मी ती काढून बाजूला ठेवू शकले असते. तुमची नजर अधू झाली होती, हे मला माहीत होतं. मी ती दोन बोटांत धरली.

"हे काय आहे, नाना?"

तुमचा चेहरा हळूहळू बदलला. तुम्हाला आठवलं. "मले दिसलं नाही, बाई," म्हणालात.

"खा."

मी तुमचा हात ओढून त्यावर ती ठेवली. तुम्ही गिळलीत. घशाशी अडकली, ठसका लागला. "पाणी दे," म्हणालात. माठ माझ्या हाताशी होता. मी जेवत राहिले. तुम्ही भिंतीला धरून उठलात आणि आपलं पाणी आपण घेतलंत.

मला त्या वेळी आनंद झाला. मोठा आनंद झाला, नाना. ती कढईभर भाजी मी एकटीने संपवली. तुम्हाला भाकरी आणि चटणी वाढली.

दोन दिवसांनी तुम्ही खिडकीशी बसून विचारलंत, "तुह्या मायले बी असंच लागत असंन का वं?"

"रोज," मी म्हटलं.

तुम्ही मान हलवलीत. चुकलं म्हणाला असतात तर? मी काय केलं असतं, मलाही माहीत नाही. कदाचित तेही तुमच्या तळहातावर परत ठेवलं असतं. त्याच महिन्यात तुम्ही बोदवडला जातो म्हणालात. मी थांबा म्हटलं नाही. अर्ध्या वाटेवर बसमध्येच तुमच्या छातीत दुखायला लागलं. उतरवून घेतलं तेव्हा उशीर झाला होता. तुमच्या पिशवीत मी दिलेला डबा नव्हता, कारण मी दिलाच नव्हता.

आता मी गवार करते. सगळं घालते, सगळं तसंच करते. ती चव येत नाही. आईला विचारलं तर अंदाज म्हणायची. तुम्ही मात्र सांगितलं असतंत, त्या दिवशी सांगायला किती आतुर होतात! मी विचारलं नाही. आता ती भाजी येणारं कुणी उरलं नाही.

दिलीपला मी सगळं सांगणार आहे. आईचं आणि तुमचं, आणि त्या रविवारचं. तो माझं तोंड बघणार नाही कदाचित. चालेल. तुम्हाला माफ केलं असं मी कुणाजवळ म्हणणार नाही, ते खोटं होईल. पण एक वचन देते: आपल्या घरात तुम्ही एकटेच तसे होतात, असं मी कुणालाही वाटू देणार नाही.

तुमचीच मुलगी,
शैला