पिरनवाडीच्या बोअरचं पाणी

३ नोव्हेंबर

ओतून टाकली. सगळी! मोरीत फेस वर आला. माझा नवरा भीमरत्न जूनमध्ये वारला, त्यानंतर मी एकटीनं घरी केलेली ही पहिली बिअर — आणि चहाची पत्ती चघळल्यासारखी तुरट. भांडी त्याचीच, मापही त्याचंच. मग चुकलं कुठं?

५ नोव्हेंबर

तो पिरनवाडीच्या ह्या घरात कायम काळी बिअरच करायचा. "हितल्या पाण्याला पिवळी मानवत न्हाय," म्हणायचा. का, ते त्यालाही सांगता यायचं नाही. मला आवडते पिवळी. निपाणीला भाड्याच्या घरात, नळाच्या पाण्यावर व्हायची तसली.

ऑफिसातून आले आणि वाचत बसले. किटलीच्या बुडाला पांढरा थर बसतो ना, तोच घोळ! आमच्या बोअरच्या पाण्यात चुन्याचे क्षार लई. काळं भाजलेलं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, आंबट असतं, ते ह्या क्षारांना दाबतं. फिकट माल्टला तेवढं जमत नाही, मग धान्याच्या सालीचा तुरटपणा उतरतो.

"अहो, कळलं!" — मोठ्यानं म्हणाले. कुणाला म्हणाले?

९ नोव्हेंबर

दिवसभरात तोंडातून निघालेले शब्द — "अर्धा लिटर." दूधवाल्याला. सुट्टीचा दिवस.

१६ नोव्हेंबर

पाणी काल खळखळून उकळून ठेवलं होतं. सकाळी तळाशी पांढरं बसलं होतं. वरचं निवळ तेवढं अलगद काढून घेतलं, त्यात चिमूटभर जिप्समची पूड, आंबटपणाला मदत म्हणून. पाणी तापवून भरडलेलं माल्ट टाकलं. pH मोजायची कागदाची पट्टी बुडवली — आकडा अजून जास्तच, म्हणजे आंबटपणा कमी. लॅक्टिक अॅसिडचे थेंब टाकत गेले. थोडं, अजून थोडं — आकडा साडेपाचच्या खाली आला!

तेवढ्यात दारात आत्याबाई. भीमरत्नाच्या आई. निपाणीहून, न कळवता, हातात पिशवी.

"काय शिजवतीस गं?"

खोटं बोलवेना. "बिअरचं माल्ट, आत्याबाई."

त्या उंबऱ्याबाहेरच थांबल्या. तोंडाला पदर लावला. पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

"जाते मी. बस हाय."

"पाणी तरी घ्या—"

पाठमोऱ्या झाल्या होत्या. मी गॅस बंद करून फाटकाशी पोचेपर्यंत रिक्षा वळलीसुद्धा.

पंचशीलातलं पाचवं शील, दारूला न शिवण्याचं, त्यांनी जन्मभर पाळलं. दारू पिणाऱ्याच्या घरी त्या चहाही घेत नाहीत. आणि सून घरात हे करते!

१८ नोव्हेंबर

फोन उचलत नाहीत.

२२ नोव्हेंबर

नाहीच.

६ डिसेंबर

दरवर्षी आजच्या दिवशी, महापरिनिर्वाण दिनाला, निपाणीला जाऊन त्यांच्याबरोबर विहारात बसते. आज इथल्या विहारात एकटी गेले. मेणबत्ती लावली. पाचवं शील म्हणताना ओठ हलले, आवाज फुटला नाही.

१४ डिसेंबर

सोळा तारखेच्या बिअरची बाटली उघडली. पिवळी, स्वच्छ. कडवटपणा जिभेवर येतो आणि नीट सुटतो. तुरट अजिबात नाही! खरं सांगायचं तर भीमरत्नाच्यापेक्षा चांगली. त्यानं ऐकलं असतं तर आठवडाभर फुगून बसला असता.

अर्धा ग्लास पुरला. शेजारच्या जयाबाईला काय सांगणार — पाणी जमलं म्हणून?

ठरवलं. भांडी काढून टाकायची. त्याच्याबद्दल बोलायला मला दुसरं माणूसच नाही. आत्याबाई येणार असतील तर ही बिअर नको.

१५ डिसेंबर

फोन उचलला! एका दमात सांगून टाकलं — भांडी देऊन टाकते, पुन्हा बिअर करणार नाही, तुम्ही या.

मग म्हणाल्या, "टाकू नगं. रागानं न्हाय गेले गं मी. लग्नाआधी त्यो माझ्याच चुलीवर ह्येच शिजवायचा. मी लई वरडायची. त्या दिशी दारात त्योच वास आला... वाटलं, त्यो आत हाय. आत पाय टाकला असता तर तू एकलीच दिसली असतीस."

मी तसाच फोन धरून भांड्यांपाशी गेले. त्याच पुढं म्हणाल्या,

"परत कवा शिजवतीस? पिणार न्हाय मी. वासाला येते."