न विचारता हलवलेलं बटन

अण्णा,

ज्यांना दिसत नाही अशा माणसांसाठी मी मोबाइलवरचं एक अ‍ॅप तयार केलं. समोर कुठली बस आली, आपला स्टॉप किती लांब आहे, हे ते बोलून सांगतं. ऑफिस आता एचएसआर लेआउटला आहे. काम जुनंच, स्क्रीनवर काय कुठे असावं ते ठरवण्याचं.

अ‍ॅप तपासायला गाण्याच्या एक शिक्षिका येतात. निपाणीकडच्या, जन्मापासून अंध, माझ्याशी मराठीच बोलतात. पहिल्या दिवशी त्या स्क्रीनवरून बोट फिरवत होत्या आणि फोन नुसता "बटन, बटन, बटन" म्हणत होता. चित्रं मी देखणी काढली होती, त्यांना नावं द्यायची राहिली होती. त्या हसल्या. "स्वल्प थांबा बाई. दारं भरपूर केलीत, पाट्या कुठायत?" मी नावं दिली. दोन महिन्यांत त्यांच्या बोटांना सगळं पाठ झालं. मग मी 'मदत'चं बटन खालून वर नेलं, तिथे ते शोभत होतं म्हणून. त्याच आठवड्यात त्या भलत्याच स्टॉपवर उतरल्या आणि भर रहदारीत कितीतरी वेळ जुन्याच जागी बोट दाबत उभ्या राहिल्या. नंतर भेटल्या तेव्हा आवाज चढला नव्हता. "हलवलंत ते हलवलंत. मला विचारलं का नाहीत?"

मला राजाजीनगरचं आपलं स्वयंपाकघर आठवलं. काचबिंदूने तुमची नजर पुरती गेलेली. रविवार आहे, मी फळी पुसून डबे उंचीप्रमाणे लावते आहे, स्वतःवर खूश आहे. संध्याकाळी पाहुण्यांसाठी तुम्ही हौसेने चहा करता आणि त्यात मीठ पडतं. ते गेल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "हे कुणाच्या डोळ्यांसाठी लावलंस?" मी पर्स उचलली आणि माझ्या खोलीवर जायला इलेक्ट्रॉनिक सिटीची बस धरली. मी केलेल्याची अण्णांना जाणीवच नाही, असं वाटभर घोकत होते.

या खेपेला बटन परत खाली आणलं. साहेबांना सांगितलं, गाण्याच्या बाईंना विचारल्याशिवाय काही हलणार नाही, उशीर झाला तर होऊ दे. "एका बाईसाठी?" ते म्हणाले. मी हो म्हटलं. महिनाभर उशीर झाला. मग एका दुपारी बाई अ‍ॅपच्या भरवशावर दोन बस बदलून एकट्या ऑफिसात आल्या, बसल्या आणि प्यायला पाणी मागितलं.

अ‍ॅप निघालं त्या कार्यक्रमात मला कुणीतरी विचारलं, हे सगळं शिकलात कुठे? मी म्हणाले, "वडिलांची शेवटची चार वर्षं मी त्यांचं सगळं केलं, तेव्हा." टाळ्या पडल्या. तुमचं सगळं अक्काने केलं, नोकरी सोडून. मी रविवारी येत होते, तेही दर रविवारी नाही. काल तिचा फोन आला. "व्हिडिओ बघितला. छान बोललीस गं," म्हणाली. मी नुसतं "सरी", बरं, एवढंच म्हटलं आणि फोन ठेवला. खरं तर हे तिला लिहायला हवं होतं. तुम्हाला लिहिणं सोपं गेलं.