मधात उभी

माय, दुरूनच जयभीम.

मी बरा आहे. इथं लंडनले थंडी पडून राहिली, पण तुही गोधडी पुरते. गुडघा कसा आहे तुहा?

मिनलचा व्हिसा नाकारला. आमचं नवराबायकोचं नातं खरं वाटत नाही म्हणतात. वाटणार कसं? लग्नाच्या हरेक फोटोत तू आमच्या मधात उभी. "सुनेले वेगळा फोन काहून पाहिजे?" म्हणत होती तू, म्हणून सारे कॉल तुह्याच नंबरवर, तेही स्पीकरवर.

काल ती खाप्याले माहेरी गेली अन् भावाच्या फोनवरून बोलली. लग्नापासून पहिल्यांदा आम्ही दोघंच बोललो. तिले फारकत पाहिजे.

मी हो म्हटलं. आता तुले मधात उभं राहा लागणार नाही वं.

फक्त तुहाच,
प्रशिक