मनगटातल्या मुंग्या

३ जानेवारी
आईला वैजापूरहून इथे शहरात माझ्याकडे आणलं. बायपास शुक्रवारी. गारखेड्यातल्या अ‍ॅक्युपंक्चरच्या मॅडमना भेटले. मनगटाच्या आतल्या बाजूला सुया, त्यांना बारीकशी वीज. ऑपरेशनमध्ये हृदयाला जी इजा होते ती यानं कमी होऊ शकते, म्हणाल्या. खात्री नाही. गोळ्या, ऑपरेशन ठरल्याप्रमाणेच. हार्टच्या डॉक्टरांची हरकत नाही. मी त्या ‘शकते’ला धरून बसलेय. काहीतरी करायला हवं ना.

४ जाने.
अडचण विजेचीच. बाबा विहिरीवरच्या मोटारीला चिकटून गेले. तेव्हापासून आईनं एकही बटण दाबलेलं नाही. अंधार पडला तरी कुणी येऊन दिवा लावेपर्यंत तशीच बसते.
आज विचारलं तिनं, "करंट हाय का त्यात?"
"नाही गं. सुयांच्या नुसत्या मुंग्या येतात."
किती पटकन सुचलं मला.

५ जाने.
पहिली वेळ. मॅडमनी विचारलं, आईंना सगळं समजावलंय ना? मी मान डोलावली. मशीन उशामागे, तिला दिसणार नाही असं. वायर दिसली तेव्हा मीच तिच्या हातावर शाल ओढली.
"लई मुंग्या गं. साखर सांडली काय माझ्या हातावर?"
मॅडम हसल्या. मीही हसले.

७ जाने.
धाकट्या भावाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, ताई, आता गप्प बस. कळलं तर ती ऑपरेशनलाच नाही म्हणेल. खरं आहे. पण उद्या टेबलावर काही झालं तर माझं तिच्याशी शेवटचं बोलणं खोटं. आणि तिची ती भीती मला माहीत असून…

८ जाने.
सकाळी शेवटची वेळ झाली. येताना रिक्षात सांगायचंच ठरवलं होतं. उस्मानपुऱ्याच्या सिग्नलला थांबलो. आई मनगट चोळत होती.
मी म्हटलं, "आई, त्या सुयांना ना…"
ती बाहेर बघत होती. हळूच म्हणाली, "तुझ्या बाबालाबी अशाच मुंग्या आल्या असतील का गं?"
हो म्हणावं तर करंट कबूल. नाही म्हणावं तर बाबांना मुंग्यांपेक्षा किती जास्त झालं असेल ते…
सिग्नल सुटला. तिनं पुन्हा विचारलं नाही. शाल मात्र स्वतःच मनगटावर ओढून घेतली.
उद्या सकाळी लवकर ऑपरेशनला आत नेतील तिला. मी अजून काही बोललेले नाही.