एकाच तेलातले दोन कप

आई, तू गेलीस त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. तुझ्याशी बोलावंसं वाटलं की मी मनातल्या मनात बोलते, लिहीत नाही. आज लिहायला बसलेय, कारण सकाळच्या पेपरात एका बसच्या अपघातावरून वाद रंगलाय. चालक बेफाम होता असं एकजण म्हणतो, गाडीतच दोष होता असं दुसरा. आणि ती गाडी अजून कोणी उघडूनच बघितलेली नाही, हे बातमीच्या अगदी शेवटच्या ओळीत आलंय. ती ओळ वाचून तू समोरचं ताट बाजूला सारलं असतंस.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आपण अंबरनाथला पूर्वेला राहायचो आणि तू रोज उल्हासनगरला रबराच्या कारखान्यात जायचीस. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड, रबर साच्यात दाबणारे दोन प्रेस, आठ बायका आणि एक शेठ. तिथे गाडीच्या ब्रेकमध्ये बसणारे रबरी कप व्हायचे, बाटलीच्या बुचाएवढी काळी वाटीच म्हण ना. प्रेसमधून निघालेल्या कपाच्या कडेचं जादा रबर तू कात्रीने कापायचीस आणि मग तो स्टीलच्या एका कडीतून सरकवून बघायचीस. सरकला तर पास, अडकला तर बाद. त्या कडीला तुम्ही गेज म्हणायचात. पेडलवर पाय पडला की तेल दाबलं जातं, तेल या वाटीला ढकलतं आणि चाक थांबतं, हे तू मला भाकरी थापता थापता समजावलं होतंस, परातीत पिठाचा गोळा अंगठ्याने ढकलून दाखवत. सातवीपर्यंत शिकलेली तू, पण एखादी वस्तू कशी चालते हे कळेपर्यंत तुला चैन पडायचं नाही. शेजारच्यांचा रेडिओ उघडून बसलेलं तुला मी पाहिलंय. तो परत चालू झाला नाही, ते वेगळं.

मी कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा बारवी धरणाच्या रस्त्यावर तो अपघात झाला. कंत्राटदाराची मिनीबस पाड्यांवरच्या कामगारांना घेऊन सकाळी बदलापूरकडे येत होती. उतारावर ती थांबलीच नाही, वळणावर झाडाला धडकून आडवी झाली. पाड्यावरच्या दोन बायका जागच्या जागी गेल्या. चालक आपल्याच गल्लीतला, त्याचा पाय मोडला. तो हॉस्पिटलात होता आणि दाराशी पोलीस बसलेला. दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांच्या तोंडी एकच, की प्यायला होता. चहाच्या टपरीवर तेच, नळावर तेच. मीही घरी येऊन म्हणाले, "सकाळी सकाळी ढोसून गाडी चालवतात, आणि मरतात दुसरेच."

तू भांडी घासत होतीस. हात न थांबवता म्हणालीस, "तू वास घेतलास त्याच्या तोंडाचा?"

"सगळे म्हणतायत."

"सगळ्यांचं सोड. तू बघितलंस की ऐकलंस?"

तू एवढ्यावर सोडलं नाहीस. "ज्याची बायको आत्ता तोंड लपवून फिरतेय तिच्यासमोर हे बोलून दाखव, मग मी तुझं ऐकते." त्या वेळी मला फार राग आला होता.

संध्याकाळी तू चालकाच्या बायकोकडे गेलीस. मला बरोबर नेलंस, बहुधा मुद्दाम. ती उंबऱ्यात बसली होती. म्हणाली, "ताई, हे आठ दिवस सांगत होते मालकाला, की ब्रेक जड लागतोय. पेडल परत येत नाही लवकर. मालक बोलला, नवीन कप टाकलेत ना, अजून काय पाहिजे. पंधरा दिवस नाही झाले टाकून. ह्यांनीच आणले उल्हासनगरवरनं."

"कुठल्या दुकानातनं?" तू विचारलंस. तिने दुकान सांगितलं आणि तुझा चेहरा उतरला. त्या दुकानात तुमच्याच शेडमधला माल जायचा.

तुझ्या जागी दुसरी बाई असती तर तोंड मिटून बसली असती. तू मात्र ओट्यावर जामच्या दोन रिकाम्या बाटल्या धुऊन ठेवल्यास. गाडीचं काम ज्या गॅरेजमध्ये झालं होतं तिथून, त्याच डब्यातलं ब्रेकचं तेल मागून आणलंस. एका बाटलीत नावाजलेल्या कंपनीचा कप, दुसरीत तुमच्याकडचा. एकच तेल, दोन कप. "जो बिघडेल तो बोलेल," म्हणालीस. रोज सकाळी चिमट्याने दोन्ही काढायचे, पुसायचे, गेजमधून सरकवायचे आणि माझ्या जुन्या वहीत लिहायचं. आठव्या दिवशी कंपनीचा कप कडीतून सुळकन गेला. तुमचा अडकला. तू अंगठ्याने दाबलास, तरी जाईना. तू ओट्याला टेकून उभी राहिलीस आणि कितीतरी वेळ त्या कपाकडे बघत राहिलीस. तुझ्या चेहऱ्यावर भीती होती, पण त्याहून जास्त कुतूहल होतं. "का गं फुगला असेल?" असं तू मला विचारलंस, जणू मला माहीत असणार.

त्याच आठवड्यात बदलापूरला एका शाळेच्या हॉलमध्ये सभा होती. नुसता गोंधळ. कंत्राटदार दोष चालकावर ढकलत होता, युनियनवाले खराब रस्त्यावर, एक रिटायर्ड इंजिनियर बाजारातल्या डुप्लिकेट मालावर. आरटीओचे एक साहेब मधे बसून घाम पुसत होते. पाड्यावरून आलेली माणसं भिंतीला लागून उभी होती, त्यांना कोणी काही विचारत नव्हतं. तू उठलीस, पिशवीतून दोन्ही बाटल्या काढून टेबलावर ठेवल्यास. मग म्हणालीस, "मी हे कप कापते. हा आमच्याकडचा आहे. आठ दिवसांत फुगला."

कोणीतरी मागून हसलं. साहेब म्हणाले, "बाई, हा त्या गाडीतला कप आहे का?"

"नाही."

"मग याने काय सिद्ध होतं?"

"काही नाही," तू म्हणालीस. "म्हणून तर सांगते. त्या गाडीतला काढून बघा. इतके दिवस गाडी चौकीच्या आवारात पडलीय. माणसावर पहारा बसवलात, आणि चाक नाही उघडलंत?"

मग पाड्यावरचा एक म्हातारा बोलला, त्याची सून गेली होती. "ती बाय बराबर सांगते. उघडा ना. आमाला पन बगूं द्या."

चार दिवसांनी पंचांसमोर चाकं उघडली. मागच्या दोन्ही चाकांतले कप फुगून घट्ट बसले होते, तेलाने ढकलून हलण्यासारखे राहिलेच नव्हते. रक्ताच्या तपासणीत दारू नव्हतीच, तो कागद फाईलमध्ये पहिल्यापासून होता, कोणी वाचला नव्हता. चालक पुढे सुटला. लंगडत आपल्या दारी आला, तुझ्या पाया पडायला वाकला तर तू त्याला मधेच धरलंस आणि आधी चहा टाकलास.

पण वाद संपला नाही. रबर खराब की गॅरेजमधलं सुटं तेल भेसळीचं? नमुने तपासायला गेले, त्यांचा निकाल आपल्यापर्यंत कधी आला नाही. शेठने मात्र वाट बघितली नाही. तुझ्या बाटलीतला कप हातात घेऊन तो खुर्चीत बसला आणि म्हणाला, "बाई, मेरे माल से कोई मरा होगा तो मैं रोटी कैसे खाऊं?" त्याने कपाचे साचे भंगारात घातले. शेड बंद झाली, आठही बायका घरी बसल्या. त्यातल्या सात तुझ्याशी पुन्हा बोलल्या नाहीत. बाबासाहेबांच्या जयंतीच्या मिरवणुकीतसुद्धा तुला बघून त्यांनी तोंड फिरवलं. तू नंतर घरी जीन्सचे धागे कापायला आणू लागलीस. मी एकदा विचारलं, वाईट वाटतं का? म्हणालीस, "वाटतं ना. पण मी माझ्या डोळ्यांनी बघितलं तेच बोलले."

आता मला सांगायचंय ते. बाटल्या ठेवल्यापासून तिसऱ्या दिवशी दुपारी तू कामावर असताना माझ्या हाताचा धक्का लागून तुमच्या कपाची बाटली ओट्यावर आडवी झाली. अर्ध्याहून जास्त तेल सांडलं. तू ओरडशील म्हणून मी फडक्याने ओटा पुसला आणि शिलाई मशीनच्या तेलाच्या डबीतून बाटली पहिल्याइतकी भरली. तेल ते तेल, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी तू वहीत लिहिलंस, "रंग थोडा फिका." मी पाहिलं आणि गप्प बसले.

पुढे मला विमा कंपनीत दाव्यांच्या विभागात नोकरी लागली. तिथे नुकसान तपासणाऱ्या एका सर्व्हेअरच्या रिपोर्टमध्ये मी वाचलं, की ब्रेकच्या तेलात साधं मशीनचं तेल मिसळलं तर चांगलं रबरसुद्धा फुगतं. मी ते पान तीनदा वाचलं. म्हणजे तुमचा कप चांगलाही असेल. गॅरेजच्या डब्यातच भेसळ असेल तर कंपनीचा कप कसा टिकला? की भेसळ फक्त कप टाकले त्या दिवशी गाडीत पडलेल्या तेलात होती? मला आजही कळत नाही, आणि कळावंसं फार वाटतं. गाडीतले कप फुगले होते, चालक निर्दोष होता, एवढं पक्कं. पण शेड बंद पडली ती तुझ्या बाटलीमुळे, आणि त्या बाटलीत मी काय ओतलं ते तुला माहीत नव्हतं.

हे तू गेल्यावर कळलं असं मी स्वतःला बरेचदा सांगते. ते खरं नाही. तो रिपोर्ट मी वाचला त्या संध्याकाळी घरी आले तेव्हा तू धाग्यांच्या ढिगात बसली होतीस, चष्मा कपाळावर, आणि मला विचारलंस, "आज काय नवीन कळलं ऑफिसात?" मी म्हणाले, "काही नाही." त्यानंतर तू अजून दोन वर्षं होतीस.