हंडा काळा का पडतो

ता. ३, मंगळवार
सौ. सिन्नरला मुलीकडे गेली, त्यास आज आठ दिवस झाले. ती जाण्याच्या आदल्या दिवशी सूनबाईंचे आईवडील आले असता मी त्यांच्यासमोर तांब्याच्या हंड्यावरील काळा डाग दाखविला व "तांबटाच्या घरात असला निष्काळजीपणा शोभत नाही," असे सौ.स सुनावले. ती म्हणाली, "मग उद्यापासून तुम्हीच घासा." मी म्हणालो, "घासीन."
घासतो आहे. सूनबाई करू म्हणाल्या. नको म्हटले.

ता. ४, बुधवार
चिंच व मीठ लावून हंडा लख्ख केला. दोन वेळा धुतला. कोरडा पुसला.

ता. ५, गुरुवार
पुन्हा काळपट. आता दोष कोणास द्यावा?
नात ऋचा अकरावीत विज्ञान शिकते. तिला विचारले. हसली. "आजोबा, चाळीस वर्षं तांबं ठोकलंत आणि हे माहीत नाही? हवेतला ऑक्सिजन तांब्याकडचे इलेक्ट्रॉन घेतो. तांबं ते देऊन बसतं. देणाऱ्याचं ऑक्सिडीकरण झालं म्हणायचं. तो मळ नसतोच, तांब्याचंच बनलेलं असतं ते."
"मग चिंचेने निघते ते काय?"
"तेच. दर वेळी थोडं तांबंच जातं."
माझे शिक्षण चौथीपर्यंत. तरी समजले. जेवण नेहमीप्रमाणे.

ता. ६, शुक्रवार
हंडा पालथा घालून ठोकून पाहिला. पत्र्याची जाडी कारागिरास आवाजावरून कळते. बुडाशी फार पातळ झाला आहे. लग्नाच्या पहिल्या वर्षी मीच घडविला होता. डाग राहिला की सौ.स पुन्हा घासावयास लावीत असे. बोटांना भेगा पडत. मी खोबरेल आणून देत असे व कर्तव्य केले असे समजत असे.
वाईट वाटावयास हवे. अद्याप काहीच—

ता. ८, रविवार
सौ.स दूरध्वनी केला. हवा, तांबे, इलेक्ट्रॉन, सर्व क्रमाने सांगितले.
"म्हणजे माझी चूक नव्हती."
"नव्हती."
"अहो, ते मला ठाऊकच होतं. मला कशाला सांगता? बोललात व्याह्यांसमोर, आता त्यांच्यासमोरच सांगा. मग येते."
व्याही परवा जेवावयास येणार आहेत. मी तसे तिला कळविले. पलीकडे नळ चालू असल्याचा आवाज येत होता. बराच वेळ दोघांपैकी कोणीही फोन ठेवला नाही.